रेशीम दोघांचं, तऱ्हा दोन : ओंबील आणि ॲटलास पतंग

गोरेगावकर

आम्ही आरेच्या अगदी कडेला राहतो त्यामुळे पाऊस लागला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारचे फोटो हमखास येतात. एक, जिन्यातल्या ट्यूबलाइटशेजारी भिंतीला चिकटून बसलेलं हाताच्या पंजाहून मोठं तांबूस "फुलपाखरू", खाली "विषारी आहे का?" आणि मग हात जोडलेल्या इमोजींची रांग. दुसरा, आवारातल्या आंब्यावरचा पानांचा हिरवा गोळा आणि खाली "पेस्ट कंट्रोलवाल्याला कधी बोलावताय?" यंदा दोन्ही एकाच आठवड्यात आले, पहिल्याला नमस्कार आणि दुसऱ्याला फवारा असा एकंदर कल दिसला, म्हणून म्हटलं इथे नीट लिहू, ग्रुपवर चार ओळींच्या पुढे कोण वाचतंय.

पहिला पाहुणा म्हणजे ॲटलास पतंग. फुलपाखरू नव्हे, पतंग. दुसऱ्या म्हणजे ओंबील, झाडावर पानं शिवून राहणाऱ्या लाल मुंग्या, शास्त्रीय नाव ओइकोफायला स्मॅरॅग्डिना. दोघंही आपल्या उष्ण दमट पट्ट्यातले, भारतापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेले (ओंबील तर पार ऑस्ट्रेलियापर्यंत, तिकडे तिचं पोट हिरवं असतं). दोघंही रेशीम काढतात. आणि इथून पुढे प्रत्येक गोष्ट उलटी आहे, तेच लिहायचंय.

ॲटलासच्या पंखांचा विस्तार २४ सेंटिमीटरपर्यंत जातो. जगातल्या सगळ्यात मोठ्या पतंगांत त्याची गणना. पुढच्या पंखांची टोकं नीट बघा, बाजूने सापाचं डोकं वाटतं, डिवचल्यावर तो पंख हलवत खाली पडतो तेव्हा तर जास्तच. पंखांवर मध्ये त्रिकोणी खिडक्या असतात, तिथे खवले नसतात म्हणून आरपार दिसतं. एवढा थाट, पण तोंड नाही. म्हणजे सोंड असते पण खुरटलेली, काहीही पिता येत नाही. आमच्या वॉचमनकाकांनी बिचाऱ्यांनी बाटलीच्या झाकणात साखरपाणी ठेवलं होतं, भावना उत्तम पण त्याला त्याचा शून्य उपयोग. कोशातून बाहेर आला की एक ते दोन आठवडे, बस. तेही अंगात साठवलेल्या चरबीवर. मादी फार उडतसुद्धा नाही, कोशाजवळच बसून हवेत गंध सोडते आणि नर आपल्या पिसासारख्या मिशांनी तो गंध हुंगत लांबून येतो. मीलन, अंडी, खेळ संपला.

आता यावर लोक म्हणतात "अरेरे, आठवडाभराचं आयुष्य". इथेच माझं भांडण आहे. आयुष्य पंख फुटल्यापासून मोजायचं हे कोणी ठरवलं? अंड्यातून निघालेली अळी महिना-दीड महिना नुसती खात असते. पेरू, लिंबू, सीताफळाच्या जातीतली झाडं, दालचिनी, महारुख, तिला बरंच काही चालतं. पिकून तयार होईपर्यंत दहा सेंटिमीटरच्या पुढे जाते, निळसर हिरवी, अंगावर पांढरी मेणचट पावडर, कोणी छेडलं तर उग्र वासाचा द्रव पिचकारीसारखा उडवते. मग रेशमाचा कोश, त्यात साधारण महिनाभर, आणि कोरडे दिवस असतील तर चांगले कित्येक महिने. म्हणजे जगायचं ते जगून झालंय, खायचं ते खाऊन झालंय, पंख हे शेवटचं एक काम उरकण्यापुरते आहेत. आपल्याला तो फक्त ट्यूबलाइटखाली दिसतो म्हणून आपण त्याच्या शेवटच्या आठवड्यालाच त्याचं आयुष्य म्हणतो.

ओंबील बघा. इथे एक मुंगी म्हणजे काहीच नाही. मोठ्या वसाहतीत शंभरावर घरटी आणि पाच लाखांपर्यंत कामकरी असू शकतात, चार-पाच-दहा झाडांवर पसरलेली एकच वसाहत आणि तिची बहुतेक वेळा एकच राणी, बाकीची घरटी म्हणजे तिच्या लेकींची. कामकरी सगळ्या माद्याच. त्यातही दोन मापं, मोठ्या ८ ते १० मिलिमीटरच्या, त्या बाहेरची कामं, शिकार, लढाई, बांधकाम बघतात, आणि लहान्या घरट्यातच अंडी-अळ्या सांभाळतात.

बांधकाम मात्र एकदा बसून बघाच. पहिली मुंगी पानाची कड धरते, दुसरं पान लांब असेल तर मागची मुंगी पुढचीची कंबर जबड्यात धरते, तिची कंबर आणखी मागची, अशी साखळी लावून पान ओढून आणतात. अशा कित्येक साखळ्या शेजारी शेजारी. जोसेफ बँक्स, तो कुकच्या जहाजावरचा वनस्पतीतज्ज्ञ, त्याने १७७० साली ऑस्ट्रेलियात हे पान ओढणं बघून लिहून ठेवलंय. पानं जवळ आली की आतून दुसऱ्या मुंग्या अळ्या घेऊन येतात. अळी जबड्यात धरायची, तिच्या डोक्याला मिशांनी टकटक करायचं, की ती तोंडाजवळून रेशमाचा धागा सोडते, मग या कडेवरून त्या कडेवर, पुन्हा इकडे, फेविकॉलच्या ट्यूबसारखी ती पोर फिरवायची. मोठ्या मुंगीला स्वतःला रेशीम काढता येत नाही. घर बांधायचं रेशीम पोराबाळांकडून.

आणि हे रेशीम ती अळी आणते कुठून? इतर कित्येक मुंग्यांच्या अळ्या त्याच रेशमाने स्वतःभोवती कोश विणतात. ओंबिलीची अळी विणत नाही. तिचं सगळं रेशीम घराला गेलेलं असतं, ती उघडीच राहते आणि तशीच कोशावस्था पार करते, कारण घर हाच तिचा कोश. ॲटलासची अळी अगदी याच्या उलट, महिनाभर एकटीने खाऊन जमवलेलं सगळं रेशीम स्वतःभोवती गुंडाळते आणि आत बंद होते.

मला वाटतं या दोन किड्यांत खरा फरक हा आहे. कोण किती दिवस जगतो यापेक्षा रेशीम कोणावर खर्च केलं ते बघा. बाकी फोटो पुढच्या प्रतिसादात टाकतो, इथे अपलोड होत नाहीयेत.

लोकलवाला

धागा झकास. वाखु (वाचनखूण) साठवली. पण एक सांगतो, पतंगाला नमस्कार आणि मुंग्यांना फवारा यात लोकांचं काय चुकलं? पतंग कधी कोणाला चावलाय? बनियनमध्ये एकदा ओंबील शिरू दे मग रेशीमबिशीम सगळं विसराल.

मालवणी तडका

आमच्याकडे कलमार चढूचा म्हणजे पयली ओंबलांची सलामी खावची, मगे आंबो हातीक लागता. लोकलवाला, तुम्ही म्हणता ते खरंय पण तिला नांगी नसते बरं का, ती जबड्याने चावा घेते आणि पोट पुढे वाकवून त्या जखमेवर फॉर्मिक आम्ल सोडते, म्हणून ती आग. साबण-पाण्याने धुवा, थोड्या वेळात उतरतं. घोळक्यात शिरलात तर मात्र देवच वाचवो.

आता बागायतदाराच्या बाजूने. या मुंग्या शत्रू की मित्र यावर आमच्या घरातच दोन तट आहेत. काका म्हणतात जाळा. कारण या मुंग्या पिठ्या ढेकूण, खवले कीड असल्या रस शोषणाऱ्या किडींची राखण करतात, त्यांनी सोडलेला गोड चिकटा चाटायला. म्हणजे कीड पाळणारी गवळीणच म्हणा. आणि आंबे उतरवायला माणूस तयार होत नाही हे वेगळंच. माझं म्हणणं असं की काजूवर जो ढेकण्या येतो, टी मॉस्क्युटो, जो कोवळी पालवी आणि मोहोर जाळून टाकतो, त्याला या मुंग्या टिकू देत नाहीत. ऑस्ट्रेलियात, व्हिएतनाममध्ये, आफ्रिकेत टांझानियाकडे (तिकडे यांची चुलत जात आहे) काजूच्या बागांत त्यांचा मुद्दाम वापर झालेला आहे. आणि चीनमध्ये तर चौथ्या शतकातली नोंद आहे, संत्र्या-लिंबाच्या बागेत सोडायला या मुंग्यांची घरटी पिशव्यांत भरून बाजारात विकायला यायची! पुढे तर या झाडावरून त्या झाडावर जायला बांबूचे पूलपण बांधून द्यायचे. आपण इथे फवाऱ्याचे पैसे भरतोय.

अवांतर: ॲटलास आमच्या घराच्या पडवीत बघितलाय, आजी म्हणायची कोणीतरी भेटायला आलंय, हाकलू नको.

ठाणेकरीण

फार सुंदर लिहिलंय. पण मला त्या तोंड नसण्याचं वाईटच वाटतं, तुम्ही काहीही म्हणा. निसर्गाने एवढं सुंदर काहीतरी बनवायचं आणि त्याला घोटभर पाणी प्यायची सोय ठेवायची नाही? याचा फायदा काय होत असेल?

गोरेगावकर

ठाणेकरीण, फायदा असा बघा की तोंड, पचनसंस्था, फुलं शोधत फिरणं हा सगळा खर्चच वाचला. मादीच्या पोटात त्या जागी अंडी भरलेली असतात, शेकड्यांनी. खाण्याचं खातं अळीकडे आणि प्रजननाचं खातं पतंगाकडे अशी सरळ वाटणी. फुलावर बसायला गेलं की पाखरं, कोळी, प्रार्थनाकीटक टपलेले असतात, ते पण टळलं. अर्थात पंख एवढे मोठे की वटवाघळांना आयतंच, पण असो.

आणि वाईट वाटायचंच असेल तर ट्यूबलाइटचं वाटू द्या. आठवड्याभराची चरबी अंगावर आहे, त्यातली एक रात्र दिव्याभोवती घिरट्या घालण्यात गेली आणि सकाळी कावळ्या-बुलबुलांनी भिंतीवरून टिपला की नरासाठी सगळा हिशेब फसला. जिन्यातला दिवा रात्री बंद करा किंवा निदान पिवळा लावा. भिंतीवर बसलेला असेल तर त्याच्यापुढे काडी धरा, तो चढतो, मग झाडाच्या खोडावर सावलीत सोडा. पंखाला बोट लावू नका, खवले निघतात.

उपास एकट्या पतंगाचा नाही हे राहिलं सांगायचं. ओंबिलीची नवी राणी पावसाळ्याच्या तोंडावर पंखांनिशी उडते, मीलन झालं की पंख स्वतःच पाडून टाकते आणि एखाद्या पानाच्या घडीत एकटी बसते. पहिल्या कामकरी मुंग्या तयार होईपर्यंत ती काही खात नाही. पंख गेले पण ते हलवणारे स्नायू छातीत असतात ना, तेच जिरवून ती पहिल्या अळ्यांना भरवते. त्यानंतर वसाहत वाढली की कित्येक वर्षं बसून खायचं. म्हणजे उपास दोघींना, एकीचा शेवटी, एकीचा सुरुवातीला. आणि ओंबिलीचे नर? उडाले, जमलं तर मीलन, मेले. त्यांची गत ॲटलासपेक्षा काही बरी नाही.

झाडीपट्टी

मी मूळ भंडाऱ्याकडचा, सध्या डोंबिवली. हा धागा वाचून राहवलं नाही कारण हे दोन किडे आमच्याकडे अक्षरशः समोरासमोर येतात. ॲटलास नाही, पण त्याच्याच कुळातला, टसरचा पतंग. आम्ही कोसा म्हणतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर समाजाची माणसं पिढ्यानपिढ्या कोसा घेतात. तुतीच्या रेशमासारखं घरात ट्रे लावून हे होत नाही, अळ्या उघड्यावर झाडांवरच सोडाव्या लागतात आणि कोश होईपर्यंत घरातलं कोणी ना कोणी जंगलात राखणीला. पाखरांसाठी गुलेल घेऊन बसायचं, गांधीलमाश्या बघायच्या, आणि या लाल मुंग्या. लहान अळ्यांचा तर फडशा पाडतात. अळ्या सोडायच्या आधी झाडं तपासायची आणि मुंग्यांचे गोळे काढून टाकायचे, हे कामच असतं. तेव्हा वर ते काजूवाल्यांनी कौतुक केलंय ते त्यांच्या जागी बरोबर असेल पण आमच्या रानात हीच मुंगी पोटावर पाय देते.

बाकी टसरचा पतंगपण तोंडाविनाच. आई म्हणायची हे पाखरू उपाशी जन्मतं आणि आपल्याला लुगडं देऊन जातं.

शंकासुर

लेख चांगला आहे पण मूळ तुलनेवरच आक्षेप नोंदवतो, राग मानू नये.

एक, तुम्ही स्वतःच म्हणता की एकटी मुंगी म्हणजे काहीच नाही. मग एका पतंगाची तुलना एका मुंगीशी करूच नका. पतंगाच्या समोर अख्खी वसाहत ठेवा, राणी म्हणजे तिची अंडकोशाची बाजू आणि कामकरी म्हणजे हात-पाय-तोंड. तसं ठेवलं की दिसेल की दोघांनी एकच वाटणी केलीय, खाणारे वेगळे आणि पिढी वाढवणारे वेगळे. पतंगाने ती वेळेत केली, आधी खा मग वीण. मुंगीने ती अंगांत केली, तू खा, मी विते. तेव्हा "प्रत्येक गोष्ट उलटी" हे जरा जास्तच झालं.

दोन, रेशीम हा समान धागा वगैरे लिहिलंय पण ही दोन रेशमं एकच नाहीत. पतंगाच्या रेशमातली प्रथिनं घडी घातलेल्या पट्ट्यांच्या स्वरूपात रचलेली असतात, मुंग्या आणि मधमाश्यांच्या रेशमातली एकमेकींना पीळ घातलेल्या सर्पिलांच्या. दोन्हीकडे ही युक्ती स्वतंत्रपणे आलेली आहे. एकाच आजीचा वारसा समजू नका.

तीन, "रेशीम कोणावर खर्च केलं" हे वाक्य ऐकायला गोड आहे पण अळी स्वेच्छेने देणगी देत नाही हो. तिच्या डोक्यावर टकटक केली जाते.

गोरेगावकर

शंकासुर, राग कसला, याचसाठी तर इथे टाकलं. पहिला मुद्दा तर मला इतका आवडला की रात्री तोच डोक्यात होता. पण एक अडचण बघा. पतंगात खाणारा आणि वीण करणारा हा एकच जीव आहे, अळीने खाल्लेलं तिलाच, म्हणजे तिच्याच पुढच्या रूपाला मिळतं. ओंबिलीच्या कामकरणीला तिने कमावलेलं कधीच मिळत नाही, ते बहिणींना. आणि याची हद्द म्हणजे सीमेवरची घरटी. वसाहतीच्या मुलखाच्या कडेला जी घरटी असतात ना, शेजारच्या वसाहतीशी जिथे सतत मारामाऱ्या होतात, तिथे तरण्या मुंग्या नसतात, म्हाताऱ्या असतात. घरातलं काम होईनासं झालं की लढाईच्या तोंडावर जायचं. पतंगाच्या जगात म्हातारीचं काही कामच नाही, अंडी घातली की ती नकोच आहे. तुमचा वाटणीचा मुद्दा मान्य, पण वाटणीत कोणाच्या वाट्याला काय आलं हे बघाल तर उलटंच आहे, माझा शब्द कायम.

दुसरा मुद्दा पूर्ण मान्य, मी रेशीम एकच आहे असं कुठे म्हटलं नव्हतं तरी ही माहिती मोलाची आहे. तिसऱ्यावर : टकटक करून मागितलेली वर्गणी पण वर्गणीच, आमच्या मंडळाला विचारा.

झाडीपट्टी, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वात वजनदार. ॲटलासच्या रेशमाबद्दल तुम्हाला विचारायचं होतं, मी वाचलंय की त्याचा धागा सलग नसतो, तुकड्यांत असतो, म्हणून उलगडून काढता येत नाही, कापसासारखा कातावा लागतो. तैवानमध्ये रिकामे कोश चेन लावून पैशाच्या बटव्यासारखे वापरायचे म्हणे, इतके चिवट.

झाडीपट्टी

बरोबर. आमच्या कोशाला टोक बंद असतं, पतंग आतून लाळेसारखा द्रव सोडून मऊ करतो आणि बाहेर पडतो, तोपर्यंत धागा सलग. म्हणून तर त्याला किंमत. पतंग बाहेर पडलेल्या फुटक्या कोशाचा भाव कमी, तो कातायलाच जातो. ॲटलासच्या कोशाला वर आधीच वाट ठेवलेली असते असं ऐकलंय. निघायची सोय आधीच करून ठेवणारा, म्हणजे हुशारच म्हणायचा, आणि माणसाच्या तावडीतून पण सुटला!

पाखरू

मुंग्या विरुद्ध अळ्या असं चित्र पूर्ण झालं असं समजू नका मंडळी, मधली बरीच गंमत राहिलीय.

अर्जुनाच्या झाडावर, ताम्हणावर मोठ्या ओकब्लू फुलपाखराच्या अळ्या असतात, त्यांना या ओंबिली खात नाहीत तर राखतात. ती अळी पाठीवरच्या ग्रंथीतून गोड थेंब देते, त्याबद्दल संरक्षण. म्हणजे जिथे टसरची अळी मरते तिथेच ही अळी बॉडीगार्ड घेऊन फिरते. आणि एक महाभाग लिफायरा ब्रॅसोलिस म्हणून फुलपाखरू, त्याची अळी थेट घरट्यात शिरून मुंग्यांचीच पोरं खाते. पाठीवर चिवट ढालीसारखं कवच, खाली कड पानाला घट्ट टेकलेली, मुंग्यांना पकडायला जागाच मिळत नाही. फुलपाखरू होऊन बाहेर पडताना अंगावर सैल पांढरे खवले असतात, मुंगी चावायला आली की तोंडात खवलेच येतात आणि हा सटकतो. आतल्या पोरांचं रेशीम वापरून बांधलेल्या घरात हा भामटा राहतो, विचार करा.

कोळी तर विचारूच नका. एक उडी मारणारा कोळी हुबेहूब ओंबिलीसारखा दिसतो, पुढचे पाय मिशांसारखे हलवत फिरतो. त्याच्या नराचे जबडे इतके लांब की एक मुंगी दुसऱ्या मुंगीला घेऊन चाललीय असं वाटावं. दुसरा खेकड्या कोळी, त्याच्या पोटावर मागच्या बाजूला डोळ्यांसारखे दोन काळे ठिपके, तो उलटा धडपडत मेल्यासारखी मुंगी असल्याचा आव आणतो आणि जवळ आलेली खरी मुंगी पकडतो. नॅशनल पार्कात शिलोंडा ट्रेलला हळू चाललात तर पहिला नक्की दिसेल. पायांची संख्या मोजा, आठ आले की कोळी.

(बाय द वे, दक्षिण भारतातला आणि श्रीलंकेतला ॲटलास हा टॅप्रोबॅनिस म्हणून वेगळी जात मानतात, दिसायला जवळपास सारखाच. केरळ-कर्नाटकातले फोटो टाकणाऱ्यांनी नाव लिहिताना हे लक्षात ठेवा.)

लोकलवाला

माणूस काय खातो ते कोणी बोललंच नाही अजून. बस्तरमध्ये चापडा चटणी म्हणजे याच मुंग्यांची, अंड्यांसकट. ओडिशातल्या सिमिलिपालच्या काई चटणीला तर २०२४ मध्ये जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळालाय. आंबट लागते, तेच ते फॉर्मिक आम्ल. थायलंडमध्ये अंडी-अळ्यांची कोशिंबीर करतात. बनियनमध्ये शिरलेलीचा बदला असा पण घेता येतो.

मालवणी तडका

लोकलवाला 😂 आधी काढून तर दाखव, मग चटणी.

सेक्रेटरी बी विंग

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं ते याच धाग्यासाठी. मुलुंडला आमच्या आवारात फणसाचं जुनं झाड आहे, त्यावर यांची बरीच घरटी. दुसऱ्या मजल्यावरच्या मेंबरच्या ग्रिलमधून आत येतात, लहान मूल आहे घरात. फवारणीचा ठराव येऊ घातलाय. मला झाड वाचवायचंय, मेंबरलाही वाचवायचंय. काय करू?

पाखरू

आधी हे बघा की ग्रिलला फांदी टेकलीय का. नव्वद टक्के तोच पूल असतो. केबलची वायर, कपड्यांची दोरी पण चालते त्यांना. तो संपर्क तोडा, हातभर अंतर ठेवा, परवानगी घेऊन फक्त तेवढीच फांदी काढा. घरात यांना काही रस नसतो, साखरेच्या डब्यात शिरणाऱ्या मुंग्या वेगळ्या. त्या शिकार आणि चिकटा शोधत फिरतात, ग्रिलमधली जास्वंदीची कुंडी मावा-पिठ्या ढेकणाने भरली असेल तर त्यासाठीच येत असतील. ती कुंडी साफ करा, साबणाच्या पाण्याने पुसली तरी बरंच निघतं. मूल असेल तर खेळायच्या जागेवर लोंबणारं खालचं एखादं घरटं काढलं तर वसाहतीला काही होत नाही, बाकीची वर राहतात. मुलाला चावून अंगभर गांध्या उठल्या, श्वास लागला तर मात्र घरगुती उपाय नको, सरळ डॉक्टर.

गोरेगावकर

याला जोडून, फवारलं तर मुंग्यांबरोबर त्यांचे शत्रूही जातात आणि कोळी, चतुर, अळ्या सगळंच. झाड रिकामं झालं की आधी परत येते ती रस शोषणारी कीड. मेंबरला हे सांगून पटणार नाही हे मला माहितेय. फांदी कापून दाखवा, ते पटेल.

बाल्कनीतली बाग

खूप उशिरा प्रतिसाद देतेय, दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा दिसलं. लिंबाच्या कुंडीत एका फांदीला सुकल्या पानात गुंडाळलेला तपकिरी कोश लोंबतोय, अंगठ्यापेक्षा मोठा, हलवला तर आत काहीतरी जड वाटतं. पावसाळ्यात पांढरी पावडर असलेली जाडजूड अळी याच झाडावर होती, अर्धं झाड खाल्लं तिने. हा तोच का? घरात आणून काचेच्या बरणीत ठेवू का? मुलांना बाहेर पडताना बघायचंय.

पाखरू

वर्णनावरून ॲटलासच वाटतोय, आणि जड आहे म्हणजे बहुतेक जिवंत आहे. बरणीत अजिबात नको. बाहेर आल्यावर त्याचे पंख ओले, चुरगळलेले असतात, कुठेतरी लटकून ते फुलवावे लागतात, जागा मिळाली नाही तर तसेच वाकडे सुकतात आणि मग संपलं. कुंडी होती तिथेच राहू दे, एसीच्या गरम हवेच्या तोंडाशी नको, कोशाखाली वीतभर मोकळी जागा आणि शेजारी चढायला एक काडी. आता थंडी आणि मग उन्हाळा, तेव्हा तो लगेच निघेल असं धरू नका, अशा कोरड्या दिवसांत ते पावसापर्यंत थांबू शकतात. निघाला तर बहुतेक रात्री उशिरा नाहीतर पहाटे, त्यामुळे मुलांना उठवायची तयारी ठेवा. आणि शेजारी ओंबिलींची रांग येत नाही ना तेवढं बघा.

बाल्कनीतली बाग

ओके. कुंडीवर "हात लावू नये" चिठ्ठी लावलीय, सासूबाई रोज विचारतात झालं का. 😄

सेक्रेटरी बी विंग

अपडेट देतो. फांदी कापली, जास्वंदीची कुंडी साफ केली, ग्रिलमध्ये येणं जवळपास थांबलं. फवारणीचा ठराव मागे. आता नवा प्रश्न असा की फणस उतरवायला दरवर्षीचा माणूस झाडावर चढायला नाही म्हणतोय, आणि ज्या मेंबरने झाड वाचवा म्हणून सगळ्यात जास्त आवाज केला त्यालाच चढवा अशी सूचना जनरल बॉडीत आलीय.